‘स्मृतिचित्रे’तील आत्मिक अस्थैर्य आणि दांपत्याचे मार्गदर्शन : जालन्याच्या बेथेलच्या पार्श्वभूमीवर एक चिकित्सा

सारांश : लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा विचार बहुधा प्रांजळपणा, विनोद आणि घरगुती भाषा या गुणांच्या अंगाने झाला आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाकडे आत्मिक अस्थैर्यातून बाहेर पडून पतीच्या बरोबरीने तरुणांना घडविणाऱ्या स्त्रीचे निवेदन म्हणून पाहिले आहे. त्यासाठी जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसविलेल्या बेथेल या ख्रिस्ती वसाहतीची पार्श्वभूमी घेतली आहे. बेथेलची माहिती प्रामुख्याने मिशनच्या अहवालांतून मिळते आणि तेथील स्त्रियांचा आवाज तीत ऐकू येत नाही. ‘स्मृतिचित्रे’ ही उणीव भरून काढू शकत नसली, तरी त्या मौनाला कोणते प्रश्न विचारावेत हे ती शिकविते.

बीजसंज्ञा : आत्मिक अस्थैर्य, सोवळे, मतांतर, मार्गदर्शन, सहजीवन, बेथेल, देवाचा दरबार.

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्यात आत्मचरित्राला मानाचे स्थान आहे. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर सुमारे साडेचार दशकांनी, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रकाशित होऊ लागली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. अपुरे राहिलेले निवेदन त्यांचे पुत्र देवदत्त नारायण टिळक यांनी पूर्ण केले. या दोन आत्मचरित्रांतील अंतर केवळ काळाचे नाही. पदमनजींचे निवेदन शंकेकडून खात्रीकडे जाते. युक्तिवाद, ग्रंथवाचन आणि विवेकाची टोचणी हे त्यातले टप्पे आहेत. लक्ष्मीबाईंचे निवेदन स्वयंपाकघर, पाणवठा, आजारपण आणि पाहुणे यांच्यामधून वाट काढते. त्यांच्या बाबतीत श्रद्धेचा प्रश्न आधी पाण्याच्या तांब्यापाशी उभा राहिला आणि ग्रंथापाशी नंतर पोहोचला.

धर्मप्रसाराच्या कार्यात नव्याने आलेल्या तरुणांना घडविणारी व्यक्ती स्वतः पूर्णपणे निःशंक असावी, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. मिशनरी चरित्रांत मार्गदर्शकाच्या शंका बाप्तिस्म्याच्या आधीच्या प्रकरणांत संपलेल्या असतात. पुढच्या प्रकरणांत केवळ कार्याचा आलेख येतो. ‘स्मृतिचित्रे’ हा संकेत मोडतात. मार्गदर्शनाचे सामर्थ्य शंका संपल्यामुळे येते की शंकेच्या काळात मिळालेल्या वागणुकीच्या आठवणीतून येते, हा या लेखातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

बेथेल : अहवालातील गाव

या प्रश्नाची स्थानिक बाजू जालना जिल्ह्यात सापडते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झालेला हा प्रदेश एकोणिसाव्या शतकात निजामाच्या राज्यात होता आणि जालना येथे लष्करी छावणी होती. रेव्हरंड नारायण शेषाद्री १८६० च्या दशकाच्या प्रारंभी या भागात कार्यासाठी आले. जन्माने ब्राह्मण असलेल्या शेषाद्रींनी १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला होता आणि १८५४ मध्ये त्यांना दीक्षित पाळक म्हणून मान्यता मिळाली होती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनशी ते संलग्न होते. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्या काळात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. बेथेल म्हणजे देवाचे घर. जुन्या करारातील उत्पत्तीच्या पुस्तकात घर सोडून निघालेला याकोब उघड्यावर दगड उशाशी घेऊन झोपतो आणि जागा झाल्यावर त्या ठिकाणाला हे नाव देतो. घर सुटलेल्या माणसाने उघड्या जागेला देवाचे घर म्हणावे, यातील अर्थ नव्या वसाहतीला सर्वस्वी साजेसा होता.

शेषाद्रींच्या कार्याला प्रतिसाद देणाऱ्यांत मांग समाजातील लोक मोठ्या संख्येने होते. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या पाळकाने गावकुसाबाहेरच्या समाजासोबत वस्ती करणे ही त्या काळातील असामान्य घटना होती. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत शेषाद्री सहभागी झाले आणि त्यांच्या कार्याचे नाव परदेशात पोहोचले. १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

शेषाद्रींच्या आयुष्यातील एका घटनेकडे येथे विशेष लक्ष द्यावे लागते. १८४३ मध्ये त्यांचा अल्पवयीन धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या आश्रयाला आला होता. न्यायालयाच्या आदेशाने त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. त्यानंतर प्रायश्चित्त देऊन त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही, यावरून मुंबईच्या हिंदू समाजात मोठा वाद झाला. बाळशास्त्री जांभेकर यांनी श्रीपतच्या पुनःप्रवेशाची बाजू घेतली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष पत्करला. या प्रकरणाचा इतिहास सुधारणेच्या आणि न्यायालयीन अधिकाराच्या दृष्टीने लिहिला गेला आहे. त्याची आत्मिक बाजू मात्र दुर्लक्षित राहिली. नव्याने मतांतर केलेल्या थोरल्या भावाच्या डोळ्यांसमोर त्याच्या मागोमाग आलेला धाकटा भाऊ परत नेला जातो आणि त्याचे स्थान कोणते हे न्यायाधीश, शास्त्री व वडील ठरवितात. पुढे तरुणांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाच्या मनावर याचा कोणता परिणाम झाला असेल, याचे उत्तर अहवालशैलीतील लेखनातून मिळणे कठीण आहे. अहवालाला कार्य दिसते, कार्य करणाऱ्याची रात्र दिसत नाही. बेथेलमधील गृहिणी, शिक्षिका आणि उपदेशकांच्या पत्नी यांच्याबाबत तर हे मौन अधिकच गडद आहे.

सोवळे : अस्थैर्याचे पहिले रूप

या मौनाशेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवली असता त्यांचे महत्त्व निराळ्या रीतीने ध्यानात येते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळील जलालपूर येथे गोखले कुटुंबात झाला. १८५७ च्या उठावानंतरच्या धरपकडीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली. त्या आघातानंतर वडिलांच्या मनाने सोवळ्याचा अतिरेकी ध्यास घेतला. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घेण्यापर्यंत हा ध्यास गेला. लक्ष्मीबाईंनी हे सारे विनोदाने सांगितले असल्यामुळे वाचक हसतो आणि पुढे जातो. समीक्षेने मात्र येथे थांबले पाहिजे. ज्या घरावर राज्यसत्तेने मृत्यू लादला, त्या घराने आपल्या हाती उरलेल्या एकमेव सत्तेचा, म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध ठरविण्याच्या सत्तेचा, आधार घेतला. लक्ष्मीबाईंना मिळालेला पहिला धार्मिक संस्कार भीतीचा होता. शुद्धी हे त्या भीतीचे सभ्य नाव होते.

अकराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी होते, मनस्वी होते आणि न सांगता घर सोडून जाण्याची त्यांना सवय होती. त्यामुळे संसाराचे अस्थैर्य हा दुसरा संस्कार ठरला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा हे दोन्ही संस्कार एकत्र आले. त्यांचा पती जिवंत होता, परंतु जातीच्या हिशेबी तो गेल्यातच जमा होता. लक्ष्मीबाई ना विधवा होत्या, ना सधवेचे जीवन त्यांच्या वाट्याला उरले होते. नातलगांच्या आश्रयाने काढलेल्या त्या वर्षांचे वर्णन ग्रंथात येते. त्यात पंढरपूरचे वास्तव्यही आहे. संतांच्या गावी राहूनही देवापेक्षा लोकांच्या नजरेची धास्ती अधिक वाटणारी स्त्री या पृष्ठांतून भेटते.

‘आत्मिक अस्थैर्य’ या संज्ञेचे तीन थर येथे स्पष्ट होतात. पहिला थर परलोकाचा आहे : धर्म सुटला तर गती काय होईल? दुसरा समाजाचा आहे : आपल्या हातचे कोण खाईल, मुलाचे लग्नकार्य कोण करील? तिसरा स्वत्वाचा आहे : पतीचा देव आपला नसेल, तर आपण पत्नी म्हणून कोण आहोत? मिशनरी लेखन पहिल्या थराशी बोलते. लक्ष्मीबाईंचे दुःख मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातले आहे.

सक्तीविना गेलेली वर्षे

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे पतीकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांची चूल वेगळी राहिली, पाणी वेगळे राहिले, सोवळे कायम राहिले. टिळकांनी ही व्यवस्था मान्य केली. ‘स्मृतिचित्रे’तील सहजीवनाचा हा सर्वांत महत्त्वाचा काळ होय. पतीचे घर आणि पत्नीचे स्वयंपाकघर यांच्यामध्ये दोन धर्म नांदत होते आणि दोघांमध्ये वावरणारा लहान दत्तू दोन्हीकडचा होता.

यानंतरचे परिवर्तन कोणत्या क्रमाने झाले, हे समीक्षेने नीट पाहिले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ताचा स्वीकार करण्याआधी जातिभेदाचा त्याग केला. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षावर त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि मग खाण्यापिण्याचे बंधन त्यांनी सोडले. पितृगृहातून आलेली भीती प्रथम गळून पडली आणि नवी श्रद्धा मागाहून आली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीनंतर पाच वर्षांनी घेतलेला हा बाप्तिस्मा पतीच्या निर्णयाची पुरवणी नव्हता. त्या पाच वर्षांत त्यांचा निर्णय त्यांच्या मालकीचा झाला होता.

टिळकांच्या भूमिकेचेही मूल्यमापन येथे आवश्यक ठरते. पत्नीला न विचारता मतांतर करण्यात त्यांनी तिच्यावर अन्याय केला, हे ग्रंथ लपवीत नाही. त्याच टिळकांनी नंतर पत्नीवर सक्ती केली नाही, हेही ग्रंथ तितक्याच निखळपणे सांगतो. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्या सौजन्याने होत नाही. तथापि पुढे तरुणांशी वागताना या दांपत्याने जी रीत अवलंबिली, तिचे मूळ याच काळात आहे. वाट पाहणे म्हणजे काय, हे टिळक पत्नीमुळे शिकले आणि आपल्यासाठी कोणी वाट पाहिली म्हणजे काय होते, हे लक्ष्मीबाई स्वानुभवाने शिकल्या.

मार्गदर्शनाचे घर

टिळक अहमदनगरच्या धर्मशिक्षण देणाऱ्या सेमिनरीत अध्यापन करीत. पुढे १९०४ मध्ये ते दीक्षित पाळक झाले आणि ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. अभंग, भजन आणि कीर्तन या देशी प्रकारांतून ख्रिस्ती उपासना मराठी व्हावी, हा त्यांचा ध्यास होता. त्यांची अनेक भजने आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या संग्रहात आहेत. भावी उपदेशकांना टिळकांनी दिलेले शिक्षण वर्गात आणि काव्यात दिसते. लक्ष्मीबाईंनी दिलेले शिक्षण मात्र घरात पाहावे लागते.

या घरी पाहुणे, विद्यार्थी, निराधार मुले आणि नुकतेच घर सुटलेले मतांतरित यांची वर्दळ असे. टिळक हातचे देऊन टाकीत. घरात उद्याचे धान्य आहे की नाही, हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे उभा राही. ग्रंथातील अनेक विनोदी प्रसंग या विसंगतीतून निर्माण झाले आहेत. परंतु विनोदाच्या आड मार्गदर्शनाची एक स्पष्ट विभागणी आहे. टिळक तरुणांना उंच ध्येय दाखवीत, तर लक्ष्मीबाई त्या ध्येयाला जेवण, झोप, पैसा आणि प्रकृती यांची मर्यादा दाखवीत. एकाच्या शिकवणीत उड्डाण होते, दुसऱ्याच्या शिकवणीत जमीन होती. नव्याने कार्यात आलेल्या तरुणाला दोहोंची गरज असते, कारण घर तुटल्यावर येणारे अस्थैर्य केवळ उपदेशाने शमत नाही. वेळेवर वाढलेले ताट आणि हक्काने काढलेली खरडपट्टी यांनी ते पुष्कळदा अधिक लवकर शमते.

याचा सर्वांत बोलका दाखला बालकवींचा आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. पुढे ते टिळकांच्या घरी राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे या घराच्या मायेत फरक पडल्याचे ग्रंथात दिसत नाही. बालकवी धर्मोपदेशक नव्हते, म्हणून हा दाखला विषयाबाहेरचा वाटू शकेल. प्रत्यक्षात या घरातील मार्गदर्शनाची कसोटी तोच आहे. जो तरुण आपल्या श्रद्धेत येणार नाही, त्याच्यावरही तेवढेच कष्ट घेता आले, तरच जो येणार आहे त्याच्यावर घेतलेले कष्ट निर्मळ ठरतात.

लक्ष्मीबाईंना औपचारिक शिक्षण नव्हते. अक्षरओळखही त्यांना विवाहानंतर पतीने करून दिली. सुशिक्षित तरुणांपुढे आणि मिशनच्या बायांपुढे वाटणारा संकोच त्यांनी झाकलेला नाही. आपल्या फजित्या सांगून त्या स्वतःला वाचकाच्या पातळीवर आणतात. हा आत्मोपहास शैलीचा अलंकार म्हणून वाखाणला जातो, पण त्याचे कार्य अधिक खोल आहे. ज्या स्त्रीला आपले अज्ञान हसत सांगता येते, तिच्यासमोर तरुणाला आपली शंका सांगण्याची लाज वाटत नाही.

दरबाराची कसोटी

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या नावाचा प्रयोग आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांची ही बंधुता होती. परदेशी मिशनच्या छत्राबाहेर, देशी पद्धतीने शिष्य घडविण्याचा हा प्रयत्न होता. ही कल्पना मराठी मातीला परकी नव्हती. जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आणि साताऱ्याजवळचा सज्जनगड हे त्यांचे अखेरचे निवासस्थान. मठ, शिष्य आणि भिक्षा यांवर उभ्या असलेल्या परंपरा या दोन्ही प्रदेशांच्या परिचयाच्या होत्या. टिळकांनी ती चौकट जशीच्या तशी उचलली असे म्हणता येत नाही, परंतु ‘दरबार’ हा शब्द ऐकणाऱ्यांना चर्चच्या समितीपेक्षा गुरूच्या बैठकीची आठवण अधिक होणे स्वाभाविक होते.

पत्नीच्या दृष्टीने हा प्रयोग म्हणजे अस्थैर्याचे पुनरागमन होते. १८९५ मध्ये जात गेली होती, आता नियमित वेतन गेले. दोन्ही वेळी पुढाकार पतीचा होता. मात्र १८९५ ची लक्ष्मीबाई आणि १९१७ ची लक्ष्मीबाई एक नव्हत. पहिल्या वेळी त्या उद्ध्वस्त झाल्या, दुसऱ्या वेळी काळजी करीत पण स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचा प्रयोग बाल्यावस्थेतच थांबला. संस्था म्हणून तो टिकला नाही. दांपत्याच्या कार्याचा जो भाग टिकला, त्यात टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य येते. त्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि त्यांच्या निधनानंतर ते प्रकाशित झाले. एके काळी ज्या ख्रिस्तामुळे आपले घर मोडले असे त्यांना वाटले, त्याचेच चरित्र त्यांनी पतीच्या पश्चात ओवून पूर्ण केले. आत्मिक अस्थैर्यावरील विजयाचा याहून ठोस पुरावा मराठी साहित्यात विरळा आहे.

मर्यादा

‘स्मृतिचित्रे’ ही सर्व मराठी ख्रिस्ती स्त्रियांची कथा मानणे मात्र चुकीचे ठरेल. लक्ष्मीबाईंपुढील प्रश्न जात सोडण्याचा होता. बेथेलमध्ये आलेल्या मांग कुटुंबांपुढे गमावण्यासाठी सोवळे नव्हते, कारण गावाने त्यांना आधीच अस्पृश्य ठरविले होते. बलुते, वहिवाट, दुष्काळातले धान्य आणि आप्तांचा आधार यांच्या रूपाने त्यांचे अस्थैर्य उभे राहिले असणार. ब्राह्मण मतांतरिताला भेदाचा त्याग हा नैतिक विजय वाटतो, तर ज्याच्यावर भेद लादला गेला त्याला तो उशिरा मिळालेला न्याय वाटतो. त्यामुळे बेथेलमधील स्त्रीने आत्मचरित्र लिहिले असते, तर त्याचा आरंभ सोवळ्याच्या विनोदाने झाला नसता. टिळक दांपत्याच्या घरातील माया खरी होती, परंतु ती देणाऱ्याच्या बाजूने सांगितली गेली आहे. घेणाऱ्याच्या बाजूचे निवेदन अद्याप लिहिले जायचे आहे.

निष्कर्ष

१. ‘स्मृतिचित्रे’त आत्मिक अस्थैर्य हे बाप्तिस्म्यापूर्वीचे एक प्रकरण नसून संपूर्ण निवेदनाचा अंतःप्रवाह आहे. त्याचे मूळ परलोकाच्या भयापेक्षा सोवळे, समाज आणि पत्नीपदाची अनिश्चितता यांत आहे.

२. तरुणांना घडविण्याची लक्ष्मीबाईंची क्षमता शंकेच्या काळात त्यांच्यावर सक्ती न झाल्याच्या अनुभवातून विकसित झाली. ज्याला स्वतःच्या गतीने येऊ दिले गेले, तोच दुसऱ्याला त्याच्या गतीने येऊ देतो.

३. दांपत्याचे मार्गदर्शन एकसुरी नव्हते. ध्येय आणि मर्यादा यांची कामे दोघांत वाटली गेली होती आणि त्यांच्यातील मतभेद हेदेखील तरुणांसाठी शिक्षण होते.

४. जालन्याच्या बेथेलसारख्या वसाहतींचा इतिहास संस्थापकाच्या नावाने आणि जमिनीच्या हिशेबाने पूर्ण होत नाही. तेथील घरांत कोणाची चूल वेगळी होती, कोणी कोणाची वाट पाहिली आणि शंका सांगण्याची मुभा कोणाला होती, हे प्रश्न ‘स्मृतिचित्रे’च्या वाचनातून हाती येतात. जिल्ह्यातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या मौखिक आठवणी, मंडळ्यांच्या नोंदवह्या आणि घरोघरची भजने यांच्या आधारे त्यांची उत्तरे शोधणे हे स्थानिक अभ्यासकांपुढील निकडीचे काम आहे, कारण या आठवणी सांगणारी पिढी फार काळ राहणार नाही.